फेसाचे रसायन

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर असा येणारा हमरस्ता बंगळूर शहरात ज्या दाराने शिरतो ते दार म्हणजे यशवंतपूर. मिरजेकडून येणारा लोहमार्गही अरसीकेरे आणि तुमकूर मागे टाकून येथूनच शहराच्या पोटात जातो. या वस्तीच्या एका अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था बंगळूरचे जुने रहिवासी ‘टाटा इन्स्टिट्यूट’ याच नावाने ओळखतात. दुसऱ्या अंगाला साबणाचा कारखाना आहे. त्याची खूण इतकी पक्की, की २०१४ साली शहराची मेट्रो गाडी इकडे आली तेव्हा यशवंतपूरच्या अलीकडच्या स्थानकाला ‘सँडल सोप फॅक्टरी’ असेच नाव मिळाले.

या दोन शेजाऱ्यांचे नाते जुने आहे. पहिल्या महायुद्धात युरोपची वाट बंद झाली आणि म्हैसूर संस्थानाचे चंदन गोदामांत पडून राहू लागले. तेव्हा विज्ञान संस्थेत चंदनाचे तेल काढण्याचे प्रयोग झाले, १९१६ साली तेलाचा कारखाना निघाला आणि त्यापाठोपाठ १९१८ च्या सुमारास त्याच तेलाचा सुगंध असलेला साबण तयार होऊ लागला. १९५७ साली हा साबणाचा कारखाना यशवंतपूरच्या नव्या जागेत आला. १९८० साली त्याची कंपनी झाली आणि तिचे नाव पडले ‘कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स’. सोप आणि डिटर्जंट, साबण आणि धुण्याची पूड, हे दोन शब्द त्या नावात शेजारी शेजारी बसलेले आहेत. दोघांचे काम एकच, परंतु कूळ निराळे. साबण तेलापासून होतो आणि त्याची कृती हजारो वर्षांची आहे. धुण्याच्या पुडीमागे मात्र सल्फोनीकरण नावाची एक रासायनिक क्रिया आहे, आणि ती क्रिया कशी घडते हे कळल्यावाचून त्या पुडीचे गुण कळत नाहीत आणि दोषही कळत नाहीत.

प्रथम साबणाची अडचण पाहावी. साबणाचा रेणू लांबट असतो. त्याच्या शेपटीला तेलकट पदार्थ आवडतात आणि डोक्याला पाणी आवडते. कपड्यावरच्या तेलकट मळात शेपूट शिरते, डोके बाहेर पाण्यात राहते, आणि अशा असंख्य रेणूंनी वेढलेला मळाचा कण कपडा सोडून पाण्याबरोबर निघून जातो. हे सारे गोड्या पाण्यात उत्तम चालते. परंतु ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही त्या पाण्यात साबणालाही फेस येत नाही, हे घरोघर ठाऊक आहे. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ते साबणाच्या डोक्याला घट्ट बिलगतात, त्याची न विरघळणारी चिकट साय होते, आणि साबण मळ काढण्याऐवजी स्वतःच मळ होऊन कपड्यावर बसतो.

यावर उपाय असा, की शेपूट तेलकटच ठेवावे, पण डोके बदलावे. साबणाच्या डोक्यात कार्बन आणि प्राणवायू असतात. त्याऐवजी गंधक आणि प्राणवायू यांचे डोके बसविले तर चुन्याचे क्षार त्याला तितके दगा देत नाहीत. या गंधकाच्या डोक्याला सल्फोनिक गट म्हणतात. प्रश्न एवढाच उरतो, की ते डोके तेलकट शेपटाला जोडायचे कसे? खनिज तेलातील कार्बनच्या लांब साखळ्या फार निर्विकार असतात. तीव्र गंधकाम्ल ओतले तरी त्या सहसा ढिम्म हलत नाहीत. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दोघांच्या मध्ये एक दुवा घातला. त्या दुव्याचे नाव बेंझीनचे वलय.

बेंझीन हा द्रव मायकेल फॅरडे यांना १८२५ साली लंडनमध्ये दिव्याच्या वायूच्या अवशेषात सापडला. नऊ वर्षांनी, म्हणजे १८३४ साली, मित्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यावर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली आणि बेंझीन सल्फोनिक आम्ल मिळविले. त्या वेळी बेंझीनच्या रेणूची रचना कोणालाच माहीत नव्हती. ती सांगण्याचा मान १८६५ साली केकुले यांना मिळाला. कार्बनचे सहा अणू हातात हात घालून फेर धरतात आणि प्रत्येकाजवळ हायड्रोजनचा एक अणू असतो, असे ते चित्र होते. पुढे क्ष-किरणांनी असे दिसून आले, की त्या फेरातील सहाही बंध अगदी सारख्या लांबीचे आहेत.

त्याचे कारण मोठे मनोरम आहे. प्रत्येक कार्बन अणू आपला एक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवीत टाकतो. असे सहा इलेक्ट्रॉन कोणा एकाचे न राहता साऱ्या वलयावर पसरतात. हे एकत्र कुटुंबासारखे आहे. मिळकत सामाईक असल्यामुळे कुटुंब स्थिर राहते, आणि ती वाटून घ्यावयास कोणी सहजासहजी तयार होत नाही. बेंझीन एरवी इतका शांत का, याचे उत्तर या सामाईक ठेवीत आहे. त्याचबरोबर, दारी गरजू पाहुणा आला तर तो नेमका याच ठेवीकडे का पाहतो, याचेही उत्तर तेच आहे.

सल्फोनीकरणातील हा गरजू पाहुणा म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड. गंधकाच्या एका अणूभोवती प्राणवायूचे तीन अणू, अशी त्याची रचना. प्राणवायू मोठा लोभी. तिघे मिळून गंधकाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतात आणि मधला गंधक कफल्लक होतो. तीव्र गंधकाम्लात, आणि विशेषतः ज्याला कारखान्यांत ओलियम म्हणतात त्या धूमायमान गंधकाम्लात, हा पाहुणा कधी मोकळा तर कधी आम्लाच्या रेणूच्या पाठीवर बसून वावरत असतो. बेंझीनचे वलय समोर येताच वलयाच्या ठेवीतील दोन इलेक्ट्रॉन गंधकाकडे वळतात आणि वलयातील एका कार्बनशी गंधकाचा बंध जुळतो.

येथे खरी अडचण उभी राहते. ज्या कार्बनने पाहुण्याला हात दिला त्याच्याजवळ पूर्वीचा हायड्रोजन अजून आहेच. त्या एका कार्बनपुरता फेर तुटला, सामाईक ठेव मोडली, आणि साऱ्या वलयावर धनभार आला. ही अवस्था क्षणभंगुर असते. जुने स्थैर्य परत मिळवायचे तर त्या कार्बनने दोघांपैकी एकाला निरोप दिला पाहिजे. हायड्रोजन गेला, आणि जाताना आपला इलेक्ट्रॉन वलयाला देऊन गेला, तर ठेव पुन्हा पूर्ण होते आणि गंधकाचा गट तेथे कायम राहतो. हेच सल्फोनीकरण. परंतु हायड्रोजनऐवजी गंधकाचा पाहुणाच परत गेला, तर बेंझीन जसा होता तसा उरतो.

इतर पाहुण्यांच्या बाबतीत हा दुसरा मार्ग जवळजवळ बंद असतो. नत्राम्लाच्या साह्याने बेंझीनवर नायट्रो गट बसविला, की तो सहसा परतत नाही. सल्फोनीकरणात मात्र दोन्ही दारे उघडी असतात. हे नुसते तर्काने ठरलेले नाही. लार्स मेलांडर या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास वलयातील साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ट्रिशियम बसवून पाहिला. जड अणूला निघून जाण्यास अधिक कष्ट पडतात. नायट्रो गट बसविताना या जडपणाचा वेगावर परिणाम झाला नाही, कारण तेथे पाहुणा एकदा आत आला की पुढचे सारे सहज घडते. सल्फोनीकरणात मात्र जड हायड्रोजन रेंगाळला. याचा अर्थ, तेथे हायड्रोजनचे जाणे हीसुद्धा एक अवघड पायरी आहे, आणि तो रेंगाळतो तेवढ्या वेळात पाहुणा परत फिरू शकतो.

एवढेच नव्हे, तर कायम झालेला गंधकाचा गटही नंतर काढता येतो. सल्फोनिक आम्ल पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात तापवून त्यात वाफ सोडली, की हायड्रोजन आपल्या जुन्या जागी येतो आणि गंधक बाहेर पडतो. पाणी कमी आणि आम्ल तीव्र, तर क्रिया पुढे जाते. पाणी अधिक आणि उष्णता भरपूर, तर ती मागे येते. साध्या गंधकाम्लाने सल्फोनीकरण करताना एक गोष्ट म्हणूनच आडवी येते. गट बसताना पाण्याचा रेणू निर्माण होतो, त्या पाण्याने आम्ल पातळ होते, आणि काही काळाने क्रिया आपोआप थबकते.

परतीच्या या वाटेचा उपयोग रसायनशास्त्रज्ञांनी मोठ्या चातुर्याने केला आहे. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा ते सल्फोनिक गट वलयावर टाकून ठेवतात. फेनॉलच्या रेणूवर नेमक्या एका जागी ब्रोमीन बसवायचा असेल, तर ज्या जागी तो नको तेथे आधी गंधकाचे रुमाल टाकायचे, उरलेल्या जागी ब्रोमीन बसवायचा, आणि मग वाफ सोडून रुमाल उचलून घ्यायचे.

तापमानाचा खेळही याच परतीमुळे चालतो. टोल्यूइनचे शून्य अंशावर सल्फोनीकरण केले तर सुमारे ४३ टक्के गट मूळ शाखेच्या लगतच्या जागी आणि ५३ टक्के थेट समोरच्या जागी बसतात. तीच क्रिया १०० अंशांवर केली तर लगतचे १३ टक्क्यांवर येतात आणि समोरचे ७९ टक्क्यांवर जातात. नॅप्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळ्यांतील पदार्थ, ८० अंशांवर एका जागी गट घेतो आणि १६० अंशांवर दुसऱ्या. थंडीत जी जागा लवकर मिळते ती घेतली जाते. उष्णतेत मात्र बसलेले उठतात, पुन्हा बसतात, आणि शेवटी जेथे दाटी कमी आणि स्वस्थता अधिक तेथे स्थिरावतात. रंगद्रव्यांच्या कारखान्यांना लागणारे बीटा-नॅप्थॉल या दुसऱ्या, उष्ण वाटेनेच मिळत आले आहे.

आता धुण्याच्या पुडीकडे वळता येईल. तिच्यासाठी साधे बेंझीन चालत नाही. त्याला कार्बनच्या दहा ते तेरा अणूंची साखळी आधीच जोडलेली असते, आणि या तेलाला अल्किलबेंझीन म्हणतात. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे ते मोठ्या प्रमाणावर तयार झाले आहे. जुन्या पद्धतीत हे तेल थंड ठेवलेल्या ओलियममध्ये सावकाश मिसळीत. त्यात काम होई, पण वापरून उरलेल्या आम्लाची विल्हेवाट हा मागे राहणारा प्रश्न असे. नव्या पद्धतीत सल्फर ट्रायऑक्साइडचा वायू कोरड्या हवेत विरळ करून घेतात आणि गार ठेवलेल्या नळ्यांच्या आतल्या बाजूने तेलाचा पातळ थर ओघळत असताना त्यावरून सोडतात. हवेने पाहुण्याची आच सौम्य होते, पातळ थरामुळे उष्णता लगेच निघून जाते, आणि वायूचाच उपयोग केल्याने पाणी निर्माण होत नाही. साखळीच्या विस्तारामुळे लगतच्या जागा अडलेल्या असतात, म्हणून गंधकाचा गट बहुतेक समोरच्याच जागी बसतो. एका टोकाला शेपूट, मध्ये वलय आणि दुसऱ्या टोकाला डोके, असा हवा तसा रेणू तयार होतो.

बाजारात या तपकिरी, दाट आम्लाला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात. गावोगावच्या लहान उद्योगांत ते धुण्याच्या सोड्यात कालवून पूड करतात. भारतात १९५९ साली ‘सर्फ’ बाजारात आले, आणि दहा वर्षांनी, १९६९ साली, अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या आवारात ‘निरमा’ पूड करून सायकलवरून विकण्यास आरंभ केला. मध्यमवर्गाच्या मोरीत साबणाच्या वडीची जागा पुडीने घेतली. पाणी जड असो वा गोडे, बादलीत फेस येऊ लागला, आणि फेस म्हणजे स्वच्छता अशी समजूतही त्याबरोबर दृढ झाली. वास्तविक फेस आणि स्वच्छता यांचा संबंध वाटतो तेवढा जवळचा नाही. रिठ्यालाही भरपूर फेस येतो, आणि अगदी थोडा फेस देणाऱ्या पुडीही कपडे चांगले धुतात.

या फेसाने पहिला धडा युरोप-अमेरिकेला शिकविला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे ज्या पुडी निघाल्या त्यांतील रेणूंची शेपटे फांद्या फुटलेली होती. नदीनाल्यांतील जंतू अशा रेणूंना तोंड लावीत, पण फांदी आली की त्यांचे काम अडे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्यांवर आणि नद्यांच्या बंधाऱ्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि १९६४ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील उद्योगांनी १९६५ पर्यंत फांद्यांची साखळी सोडून सरळ साखळी पत्करली. सल्फोनीकरण तेच राहिले, गंधकाचे डोके तेच राहिले, फक्त शेपूट सरळ झाले. जंतू आता शेपटाच्या टोकाला सुरुवात करून दोन दोन कार्बन तोडीत पुढे सरकू लागले. शेवटी ते वलय फोडतात, गंधक वेगळा होतो, आणि तो निरुपद्रवी सल्फेटच्या रूपाने पाण्यात मिसळतो. प्रयोगशाळेत जे काम वाफ करते ते निसर्गात अगदी निराळ्या मार्गाने हे सूक्ष्म जीव करतात. मात्र त्यांची एक अट असते. त्यांना प्राणवायू हवा.

ही अट पाळली नाही तर काय होते, हे पाहावयास यशवंतपूरहून फार दूर जावे लागत नाही. शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे दोन मोठे तलाव आहेत. २०१५ च्या सुमारास वर्तूरच्या पुलाजवळ पांढऱ्या फेसाचे ढीग उठून वाऱ्याने रस्त्यावर येत, आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या अंगावर उडत. साऱ्या देशाने ती छायाचित्रे पाहिली. पुडीतील रेणू तर आता सरळ साखळीचे होते. मग फेस का यावा?

या प्रश्नाचा अभ्यास यशवंतपूरशेजारच्या त्याच विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला. त्यातून जे चित्र पुढे आले ते असे. लाखो घरांचे सांडपाणी या तलावांत येते आणि त्यातील बराचसा भाग पुरेसा शुद्ध न होताच येतो. त्यातील घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. प्राणवायू संपला की गंधकाचे डोके असलेले हे रेणू न तुटता गाळाला चिकटून तळाशी साठत राहतात. मग जोराचा पाऊस येतो, गाळ ढवळला जातो, साठलेले रेणू मोकळे होतात, आणि तलावाच्या सांडव्यावरून पाणी उंचावरून कोसळताना त्यात हवा मिसळून फेस उठतो. जे रेणू वाहत्या, हवेशीर पाण्यात थोड्या दिवसांत नाहीसे झाले असते ते तेथे साचून राहिले आणि एका रात्रीच्या पावसाने एकदम वर आले.

तेव्हा दोष कोणाचा, असा विचार केला तर तो रेणूचा नाही, आणि त्याला घडविणाऱ्या क्रियेचा तर नाहीच नाही. सल्फोनीकरणाचा स्वभावच दोन्ही बाजूंनी चालण्याचा आहे. मित्शरलिखच्या काळापासून प्रयोगशाळेत त्या स्वभावाचा मान राखला गेला. पुढे जायचे तर पाणी दूर ठेवले गेले, मागे यायचे तर पाणी आणि उष्णता दिली गेली. १९६० नंतर कारखान्यांनीही तो राखला, आणि जंतूंना परतवता येईल असाच रेणू घडविला. शेवटची पायरी तेवढी शहरांनी आपल्या अंगावर घ्यावयाची राहिली. घरातल्या मोरीतून निघालेल्या पाण्याला तलावात शिरण्यापूर्वी शुद्धीकरणाच्या टाकीत पुरेसा वेळ आणि पुरेशी हवा मिळाली, तर त्यातील बहुतेक रेणू तेथेच संपतात. ते न मिळाल्यास कितीही निर्दोष रसायन असले तरी ते तळाशी वाट पाहत बसते.

हा प्रश्न एकट्या बंगळूरचा नाही. जेथे जेथे पुडीची थैली पोहोचली आहे आणि सांडपाण्याची टाकी पोहोचलेली नाही, अशा प्रत्येक नदीकाठच्या गावाचा तो आहे. बादलीतील मूठभर पूड कमी केली, तर कपडे तितकेच स्वच्छ निघतात आणि फेस थोडा उतरतो. एवढे प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे. उरलेले काम नगरपालिकांचे आणि महानगरपालिकांचे आहे. बेंझीनच्या वलयावर गंधक बसविण्याची विद्या माणसाला येऊन जवळजवळ दोनशे वर्षे झाली. तो परत उतरविण्यासाठी लागणारे जंतू निसर्गाने फुकट दिले आहेत. त्यांना श्वास घेण्यापुरती हवा देणे, एवढेच समाजाकडून बाकी आहे.